एकोणीस शब्द, एक श्वास

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून सिगारेट बंद. लवंगेची, साधी, दुसऱ्याच्या पाकिटातली, सगळी.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला माझं कौतुक करायला आधार राहील. काल नस्तितीच्या घरी तालीम झाली. १५ सप्टेंबरला आमचं लग्न आहे. होणारे सासरे मस्कुरीकाका माझा हात धरून मुलगी देण्याचं वाक्य म्हणणार आणि त्यांचा शेवटचा शब्द संपताच मी कबुलीचं वाक्य म्हणायचं. एका श्वासात. मध्ये श्वास घेतला, अडखळलो, की साक्षीदार माना हलवणार आणि पुन्हा पहिल्यापासून. वाक्य मी स्वच्छ अक्षरात लिहून काढलं आहे:

'मस्कुरी यांची कन्या नस्तिती हिच्याशी निकाह, पाच ग्रॅम सोनं आणि नमाजाचा एक पोशाख एवढ्या मेहरसह, रोख, मी कबूल केला.'

एकोणीस शब्द. काल तेराव्या शब्दाला, म्हणजे 'पोशाख'ला खोकला आला. तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा तिथेच.

होणारा साडू जुमादी भिंतीला टेकून धूर सोडत होता. म्हणाला, काय नवरदेव, पोशाखाचं बटण अडकलं काय घशात? सगळे हसले. मस्कुरीकाकासुद्धा. हा जुमादी दिवसाला दोन पाकिटं ओढतो आणि आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतःचं वाक्य चार सेकंदांत म्हटलं होतं. त्याचा व्हिडिओ तो अजून सोतो सुपाच्या गाडीवर अनोळखी माणसांना दाखवतो. आयुष्यात चार सेकंद काम केलेला माणूस.

नस्तिती फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, चाळीस दिवस काहीच ओढू नकोस, घसा आपोआप सुटेल. मी हो म्हटलं. तिचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. पण ती कारखान्यात सिगारेटी वळते, तिची आईही तिथेच वळायची, तिला नवं विज्ञान कुठून माहीत असणार? मी व्हेपवर जाणार आहे. व्हेपमध्ये धूर नसतो, वाफ असते. वाफ घशाला चांगली. सर्दी झाली की लोक घेतातच की.

६ ऑगस्ट, मंगळवार

व्हेपच्या दुकानात गेलो. मालकाचं नाव गलांग. केस निळे. पाटीवर 'निकोटिन' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला आहे. मी दाखवून दिलं. म्हणाला, भाऊ, ओढायचंय की वाचायचंय?

मग त्याने अर्धा तास डोकं खाल्लं. नवीन माणसाने घशाला सौम्य पडणारं लिक्विड घ्यावं. निकोटिन कमी ठेवावं. मशीन पंधरा वॅटच्या वर नेऊ नये. सिगारेटसारखं खसकन ओढू नये, हळू ओढावं, दोन झुरक्यांत अंतर ठेवावं. आणि दर वेळी पाणी प्यावं, कारण हे लिक्विड तोंडातलं पाणी शोषून घेतं. मी विचारलं, तुमचं शिक्षण किती? म्हणाला, बारावी. मी अकरावीत शाळा सोडली, पण शहरातल्या निम्म्या लग्नपत्रिका माझ्या नजरेखालून जातात. बारावी झालेल्यांची प्रुफं मी रोज तपासतो. मला माहीत आहे बारावी म्हणजे काय.

सर्वांत कडक लिक्विड घेतलं. मी गंभीर सिगारेट ओढणारा होतो, मला लहान मुलांचं औषध नको. वास तंबाखूचा, वर थोडा पुदिना.

७ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ५.४०

गलांगने सांगितलं होतं, नवी कॉइल घातली की लिक्विड भरून दहा मिनिटं थांबायचं, आतला कापूस भिजू द्यायचा. चार मिनिटं थांबलो. गिऱ्हाईक मूर्ख आहे असं धरून दुकानदार नेहमी जास्तच सांगतात.

पहिला झुरका. जळक्या गोधडीची चव. अकरा मिनिटं खोकलो (मोबाइलवर मोजली). आई झाडू घेऊन धावत आली. म्हणाली, फत्खुर, उंदीर गिळलास काय रे? मी सांगितलं, ही सुधारणा आहे. ती झाडू ठेवून गेली नाही, झाडू घेऊनच उभी राहिली.

निष्कर्ष: कॉइल सदोष.

१० ऑगस्ट, शनिवार

मशीन ऐंशी वॅटपर्यंत जातं. ऐंशीची वस्तू पंधरावर चालवायची म्हणजे मालकाची फसवणूक. पंचेचाळीस केलं. मध्यममार्ग.

वाक्याची तालीम, न्हाणीघरात: खोकला अकराव्या शब्दाला, म्हणजे 'नमाजाचा'. आधी तेराव्याला यायचा. वरवर पाहता हे बिघडणं वाटेल. पण विचार केला तर खोकला लवकर येतोय म्हणजे लवकर निघून जातोय. आत साठलेलं बाहेर पडतंय. सिगारेटचा गाळ.

पाण्याबद्दल: दिवसाला पाच कप काळी कॉफी पितो. कॉफीत पाणीच असतं.

जेवणानंतरची एक लवंगवाली चालू ठेवली आहे. ती सिगारेटमध्ये धरत नाही. ती पचन आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार. स्वातंत्र्यदिन

आज देशभर, सुमात्रापासून आमच्या गल्लीपर्यंत, स्पर्धा. दोरीला टांगलेले कुरकुरीत पापड हात मागे बांधून खायचे, गोणीत पाय घालून उड्या मारायच्या, वगैरे. विजेत्यांची नावं वाचायला मला बोलावलं, कारण या गल्लीत 'ख' चा उच्चार फक्त मला येतो. बाकी सगळे मला 'फतुर' म्हणतात, वहीत मी ते दुरुस्त करून लिहितो.

दोन नावं वाचली. तिसऱ्या नावाच्या मध्यात खोकला आला. माईक तोंडाशीच होता. मशिदीमागच्या कोंबड्या उठून पळाल्या असं लोक सांगतात, मी पाहिलं नाही, माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या पोराचं नाव होतं ते रडायला लागलं, त्याला वाटलं बक्षीस रद्द झालं.

संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं माझ्यासारखी खोकत फिरत होती. एकाला हुबेहूब जमलं आहे. या देशाच्या पुढच्या पिढीकडून मला काहीही अपेक्षा नाही.

संकल्प: उद्यापासून चाळीस वॅट.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

निकाह नोंदणीच्या कार्यालयात कागद दिले. अधिकारी गोल चष्म्याचे, शांत. अर्जात माझं नाव लिहिताना त्यांनी 'ख' गाळला. दुरुस्त करून घेतला.

मस्कुरीकाकांनी मुद्दाम विचारलं, एका श्वासाचं कसं? अधिकारी म्हणाले, काका, अशी अट कुठेच नाही. शब्द स्पष्ट यावेत, लगेच यावेत, झालं. दोन श्वास घेतले म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही. मला त्या माणसाची कीव आली. स्वतःचं काम सोपं व्हावं म्हणून नियम सैल करणारे असे लोक सरकारात भरले आहेत.

परत येताना मस्कुरीकाका स्कूटरवर मागे बसून म्हणाले, ते सरकारी झालं. आमच्याकडे एका श्वासात. माझ्या बापाने म्हटलं, मी म्हटलं, जुमादीने म्हटलं. मग खिशातून सिगारेट काढली आणि म्हणाले, ही तुझी वाफबिफ सोड. आपल्या गावात तंबाखूत लवंग घातली ती छातीच्या दुखण्यासाठी. औषध होतं ते. मी म्हटलं, काका, आता काळ बदलला. ते म्हणाले, काळ बदलला पण तू खोकतोस मात्र माझ्या आज्यासारखा.

उत्तर देणार होतो. खोकला आला. स्कूटर नारळाच्या गाडीला घासली. नारळवाल्याची चूक.

२८ ऑगस्ट, बुधवार. दुपारी १.१५

छापखान्यात वाईट दिवस. चार वर्षांत माझ्या हातून एकही चूक सुटली नव्हती. आज एका पत्रिकेत नवरीच्या नावाच्या जागी नवरीच्या आईचं नाव गेलं. तीनशे प्रती. मी तपासताना त्या ओळीवर खोकलो होतो आणि डोळे पुसून पुढच्या ओळीवर गेलो.

मालक म्हणाले, फत्खुर, जावयाचं सासूशीच लग्न लावायचं का आता? सगळा छापखाना हसला. अक्षरांचा हा नवा टाइप बारीक आहे, हे मी लेखी कळवणार आहे.

खोकला आता सातव्या शब्दाला. 'पाच'. म्हणजे सोन्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

नवीन लिक्विड आणलं. दालचिनीचं. गलांग म्हणाला, दालचिनी घशाला टोचते, भाऊ, घेऊ नका. त्याच्याकडे दालचिनीच्या बाटल्या खूप उरल्या असाव्यात आणि मी उलटं वागतो हे त्याने ओळखलं असावं, म्हणून तसं म्हणाला. पण मी त्याच्याही एक पाऊल पुढे आहे. मला ती खरोखरच हवी होती.

३१ ऑगस्ट, शनिवार

नस्तितीला मशीन सापडलं. माझ्या जाकिटाच्या खिशात. ती रुमाल शोधत होती, मला खोकला आला होता म्हणून.

मी समजावलं. धूर आणि वाफ यांतला फरक, कागदावर आकृती काढून. ती आकृतीकडे बघत होती. मग म्हणाली, चाळीस दिवस काहीच ओढणार नाही असं तू मला म्हणाला होतास की नाही? मी म्हटलं, ओढणं या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागेल. ती म्हणाली, फत्खुर, मी ज्या ओळीत बसते तिथे चाळीस बायका आहेत. प्रत्येकीने तुझ्या खोकल्याबद्दल ऐकलं आहे. मला त्यांचं काही नाही. बाबांच्या एका श्वासाचंही काही नाही. दहा श्वास घे. पण ते वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नात ऐकते आहे, ते एकदा माझं नाव घालून कुणीतरी म्हणावं, आणि ते तू म्हणावंस. बस.

मी म्हटलं, दहा श्वास कशाला, एका श्वासात म्हणेन. ती म्हणाली, आत्ता म्हण. मी म्हटलं, तालीम न्हाणीघरातच करतो, तिथे आवाज घुमतो.

ती निघून गेली. बायकांना मोठं ध्येय दाखवलं तरी त्या दहा श्वासांवर समाधान मानायला तयार असतात.

मशीन तिने परत दिलं, हे इथे नोंदवतो. म्हणजे विश्वास आहे.

८ सप्टेंबर, रविवार

मस्कुरीकाकांच्या घरी शेवटची तालीम. खोकला दुसऱ्या शब्दाला. 'मस्कुरी यां—'.

मस्कुरीकाका म्हणाले, माझं नाव तरी नीट संपव रे. जुमादी म्हणाला, घाबरू नका, अजून एक शब्द शिल्लक आहे, लग्नाच्या दिवशी तिथेच येईल खोकला, म्हणजे तोंड उघडायच्या आधीच मोकळा. नस्तितीची बहीण त्याला गप्प बस म्हणाली. तो गप्प बसला नाही. त्याने मोबाइल काढला. व्हिडिओ लावला. चार सेकंद.

मी तो व्हिडिओ या वेळी लक्ष देऊन पाहिला. त्याच्या उच्चारात दोन दोष आहेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आईने सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, मुलगी. घशात टॉर्च मारून म्हणाली, सुजलाय, लाल आहे, कोरडा आहे. सगळं बंद करा, सिगारेट, व्हेप, सगळं. भरपूर पाणी प्या. आवाजाला विश्रांती द्या, कुजबुजूसुद्धा नका. मी सांगितलं, रविवारी एकोणीस शब्द म्हणायचे आहेत. म्हणाली, आजपासून ओढलं नाही तर कदाचित म्हणू शकाल.

'कदाचित'. शिकलेल्या माणसांचा हा शब्द मला माहीत आहे. ठाऊक नसलं की वापरतात.

आईने तिला सांगितलं, हा कॉफीला पाणी समजतो. दोघी हसल्या. मी हसलो नाही, आवाजाला विश्रांती देत होतो.

मशीन कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली आईकडे.

१४ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११

आज दोन दिवस शुद्ध. मस्कुरीकाकांच्या दारात मांडव उभा आहे. आमच्या घरात बायका उद्यासाठी नारळ खवताहेत, आईसुद्धा. किल्ली आईच्या पर्समध्ये होती, पर्स पलंगावर होती.

सांगायची गोष्ट वेगळी आहे. मला एक शोध लागला.

माझा घसा दुखतो का? तर तो लवंगेला सोकावलेला घसा आहे. मी चौदा वर्षांचा असल्यापासून त्याला लवंग मिळत आली. या परदेशी लिक्विडांत पुदिना आहे, दालचिनी आहे, लवंग नाही. घसा लवंग मागतो आहे. दात दुखला की आपण लवंगेचं तेल लावतो, दुखणं बधिर होतं. तेच तेल थोडं लिक्विडमध्ये घातलं तर वाफेबरोबर थेट घशात पोचेल. खोकला बधिर. गलांगसारख्यांना हे सुचणं शक्य नाही, त्यांच्या डोक्यात निळा रंग उतरला आहे. सासऱ्यांचं औषध आणि माझं विज्ञान, दोन्ही एकत्र.

आईच्या दातांच्या तेलाच्या बाटलीतून आठ थेंब घातले. दहा मिनिटं थांबलोसुद्धा. या वेळी कापूस नीट भिजू दिला.

दुपारी १२.०५. पहिला झुरका. कडवट. ओठ बधिर.

दुपारी १२.२०. जीभ बधिर. घसा बधिर. खोकला पूर्ण बंद! संपूर्ण वाक्य एका श्वासात, सव्वाचार सेकंद. मी स्वतःला आरशात पाहिलं. असा माणूस फार वर्षांनी दिसला.

दुपारी ४. खात्रीसाठी अजून वीस-एक झुरके.

१५ सप्टेंबर, रविवार. सकाळी ४.३०

बधिरपणा गेला. आवाज थोडा खोल वाटतो आहे. भारदस्त.

सकाळी ५.१०

आवाज नाही.

दुपारी ३

जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे.

सकाळी आठला मांडवात बसलो. समोर गालिचा, मध्ये बुटकं टेबल, पलीकडे मस्कुरीकाका, बाजूला गोल चष्म्याचे अधिकारी आणि दोन साक्षीदार. नस्तिती माझ्या शेजारी, डोक्यावर दोघांच्या मिळून एक पांढरी ओढणी. मागे तिच्या ओळीतल्या चाळीस बायका. मी मोजल्या, एकोणचाळीस होत्या.

मस्कुरीकाकांनी माझा हात धरला आणि त्यांचं वाक्य म्हटलं. खणखणीत. मग मी तोंड उघडलं. आतून सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला. साक्षीदारांनी माना हलवल्या. दुसऱ्यांदा. हवा. तिसऱ्यांदा हवासुद्धा आली नाही, खोकला आला, आणि तो थांबेना. कुणीतरी पाणी दिलं. ते नाकातून बाहेर आलं. जुमादीचा एक मुलगा म्हणाला, बाबा, हे ते खोकणारे काका ना?

अधिकारी शांतच होते. म्हणाले, घाई नाही, शब्द ऐकू आले की पुरे, तुटक म्हणा. मी प्रयत्न केला. शब्द नव्हते. मग त्यांनी सांगितलं की वराला बोलता येत नसेल तर तो लेखी अधिकारपत्र देऊन दुसऱ्या कुणाला आपल्या वतीने कबुली म्हणायला सांगू शकतो. वधू आणि तिच्या वडिलांची हरकत नसली पाहिजे.

मस्कुरीकाकांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, घसा कुणाचाही असो, श्वास एकच असावा. माझ्या बाजूने बोलायला माझे वडील नाहीत, काका सुमात्राला. सगळ्यांनी एकाच दिशेने पाहिलं. जुमादी मांडवाच्या खांबाला टेकून सिगारेट ओढत होता.

कागद मागवला. अधिकारपत्र मी स्वतः लिहिलं. मजकूर सुटसुटीत, नावं पूर्ण, तारीख वर उजवीकडे. एकही खाडाखोड नाही. अधिकारी म्हणाले, इतकं स्वच्छ पत्र मी वीस वर्षांत पाहिलं नाही. हे सगळ्यांनी ऐकलं.

मग त्यांनी नस्तितीला विचारलं, हरकत आहे का?

ओढणीखाली ती मान वळवून माझ्याकडे बघत होती, आणि इतक्या जवळून बघत होती की तिला माझ्या तोंडाचा लवंगेचा वास आला असावा. मी तिला खुणेने पत्र दाखवलं. तिने ते हातात घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाली, हरकत नाही. हे पत्र माझ्याकडे राहील.

अक्षर आवडलं असणार.

जुमादीने सिगारेट शेजारच्याच्या हातात दिली, माझ्या जागी बसला, मस्कुरीकाकांचा हात धरला, आणि माझ्या वतीने सगळं म्हटलं. एका श्वासात. साक्षीदार ओरडले, वैध! बायका रडल्या. मस्कुरीकाकांनी त्याची पाठ थोपटली. त्याने उठून सिगारेट परत घेतली. ती अजून पेटलेली होती.

साडेतीन सेकंद. माझं नाव मध्ये घालूनसुद्धा. पण 'फतुर' म्हणाला.

१७ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ६.२५

दोन दिवस मशीन नाही, सिगारेट नाही, जेवणानंतरचीसुद्धा नाही. ओढायला घसाच नव्हता. नस्तिती दर तासाला पाण्याचा ग्लास समोर ठेवते आणि रिकामा होईपर्यंत उभी राहते. बोलत फारसं नाही. मी लिहून विचारतो, ती मान हलवते.

आज पहाटे उठलो आणि आवाज आला होता. आधी कोंबड्यांना हुसकलं, आला. आईला हाक मारली, आली.

नस्तिती स्वयंपाकघरात होती. आजपासून तिचं काम सुरू, सातला कारखान्याची बस. ती उभ्याने डब्यात भात भरत होती. मी दारात उभा राहिलो. सदरा नीट केला. छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं: मस्कुरी यांची कन्या नस्तिती हिच्याशी निकाह, पाच ग्रॅम सोनं आणि नमाजाचा एक पोशाख एवढ्या मेहरसह, रोख, मी कबूल केला.

एकोणीसच्या एकोणीस. एक श्वास. कुठे खरखर नाही. 'पोशाख' तर इतका स्वच्छ की शेजारच्या घरी ऐकू गेला असेल.

तिने डब्याचं झाकण दाबून लावलं, पिशवीत ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, कुणाला सांगतोयस? माझं लग्न झालं परवाच.